ऑपरेशन झालं, पुढची पंचवीस वर्षं?

बाळ जन्मतं आणि सिस्टरच्या लक्षात येतं, की शौचाची जागाच नाही. किंवा जागा दिसते, पण दोन दिवस उलटले तरी पहिली काळी शी होत नाही आणि पोट फुगत जातं. पहिल्या दोषाला डॉक्टर ॲनोरेक्टल मालफॉर्मेशन म्हणतात. त्यात गुदद्वार तयारच झालेलं नसतं, किंवा आतड्याचं तोंड भलतीकडे, लघवीच्या किंवा योनीच्या वाटेजवळ उघडलेलं असतं. दुसरा हर्शस्प्रुंगचा आजार. आतड्याच्या शेवटच्या भागात हालचाल घडवणाऱ्या चेतापेशीच नसतात, तो भाग आवळलेला राहतो आणि मागे सगळं तुंबतं. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली अशा दोन बाळांची हकीकत बर्लिनमध्ये मांडली, त्यावरून हे नाव पडलं. दोन्ही दोष साधारण पाच हजार जन्मांमागे एकेक आढळतात, म्हणजे मिळून अडीच हजारांत एक.

२०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाखांवर होती, कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर. नुसता भागाकार केला तरी या पट्ट्यात हे दोष घेऊन जन्मलेली बाराशेच्या आसपास माणसं निघतात. त्यातली कितीतरी लहानपणीच गेली असतील, विशेषतः जुन्या काळात. तरी जगून मोठी झालेली शेकड्यांनी असणार. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण ती कुणाला सांगत नाहीत. ठाण्यातल्या कळव्याला सकाळच्या स्लो लोकलमध्ये घुसणाऱ्या गर्दीत ती आहेत. पँट गडद रंगाची, बॅगेत जादा कपड्यांचा जोड, आणि ऑफिसात पोहोचेपर्यंत पोटात काही घालायचं नाही हा स्वतःच शोधलेला उपाय.

लहानपणीच्या ऑपरेशनने शौचाला वाट मिळते. त्या वाटेवर ताबा मिळेलच असं नाही. तो पुष्कळांना शिकून मिळवावा लागतो, आणि तो शिकवता येतो. एकेकट्याला केबिनमध्ये पाच मिनिटांत सांगण्यापेक्षा आठ-दहा जणांना एकत्र बसवून तो जास्त नीट शिकवता येतो, असं माझं ठाम मत आहे. असा वर्ग कसा चालतो आणि कळव्यात भरवायचा तर काय काय लागेल, ते क्रमाने पाहू.

आधी शिकवण्याची गरज का पडते ते. मेक्सिकोचे बालशल्यविशारद आल्बेर्तो पेन्या यांनी १९८० साली ॲनोरेक्टल मालफॉर्मेशनसाठी मागच्या बाजूने, मधोमध चीर घेऊन सगळे स्नायू डोळ्यांनी पाहत करायचं ऑपरेशन सुरू केलं. आज जगभर बहुतांशी तेच चालतं. त्यांच्या स्वतःच्या रुग्णांचा हिशेब असा: साधारण तीन चतुर्थांश जणांना आपणहून शौचाला जाता येतं, पण त्यातल्या निम्म्यांचे कपडे अधूनमधून खराब होतात. उरलेल्या एक चतुर्थांश जणांना ताबा मुळीच नसतो. जगातल्या नामांकित हातांनी केलेल्या ऑपरेशनांचा हा निकाल आहे. तेव्हा कपडे खराब होतात ते रुग्णाच्या आळसामुळे किंवा आईच्या हयगयीमुळे नव्हे. वर्गात पहिल्या दिवशी हे स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं, कारण बहुतेकांनी लहानपणापासून याच्या उलट ऐकलेलं असतं.

पेन्या तिथेच थांबले नाहीत. पुढे अमेरिकेत सिनसिनाटीला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका आठवड्याचा कार्यक्रम बसवला. आधी कुटुंबांना एकत्र बसवून आतडं कसं चालतं ते समजावायचं, मग रोज एनिमा, रोज पोटाचा एक्स-रे आणि रोज प्रमाणात फेरफार. आठवडाअखेर बहुतेक मुलं डागाशिवाय घरी जात. समूहशिक्षणाचा दुसरा धागा स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या केट लोरिग यांचा. दीर्घ आजार असलेल्यांसाठी त्यांनी सहा आठवड्यांचा वर्ग तयार केला. आठवड्यातून एकदा, अडीच तास, आणि शिकवणारे दोघेजण, शक्यतो स्वतःच तसला आजार घेऊन जगणारे. आपल्याकडेही हे अगदी परकं नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या स्टोमा क्लिनिकमध्ये पोटावर पिशवी असलेल्यांना ती कशी सांभाळायची हे शिकवतात. पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे शौच-लघवीवर ताबा नसलेल्या मुलांसाठी मुंबईत स्पायना बिफिडा फाउंडेशन काम करतं. तिथले धडे आपल्या विषयाला जवळजवळ जसेच्या तसे लागू पडतात.

मोठ्यांचा प्रश्न मात्र मध्येच लटकतो. २०१३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंतचा. बालशल्यचिकित्सेचा विभाग वय वाढलं की केसपेपर काढू देत नाही. मोठ्यांच्या सर्जरी ओपीडीतल्या डॉक्टरांच्या हाताखालून असे रुग्ण फारसे गेलेले नसतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत, त्यात हा प्रकार नाही. म्हणजे विशीतल्या माणसाला जायला खिडकीच नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं. त्याला जोडून राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय. मुंब्रा, दिवा, भिवंडी, पार शहापूर-मुरबाडपर्यंतची माणसं तिथे येतात. वर्गाला लागणारी माणसं अशाच ठिकाणी एका छताखाली मिळतात: सर्जन, स्टोमाचं काम जाणणारी सिस्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, समाजसेवा अधीक्षक.

खोली कुठलीही चालेल, पण संडास तिला लागूनच हवा. ही अट सोडून चालणार नाही. वर्ग शनिवारी दुपारी ठेवावा, म्हणजे कामाचा खाडा होत नाही आणि सकाळी घरी पोट साफ करायला वेळ मिळतो. दारावरची पाटी साधी असावी, 'पोटविकार मार्गदर्शन' एवढीच. माणसं आठ ते दहा, जास्त नकोत. पूर्ण नाव सांगायची सक्ती नाही, ताई-दादा पुरे. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, फोन पिशवीत ठेवायचे, फोटो नाही. कुणी मध्येच उठून बाहेर गेलं तर कुणी विचारायचं नाही. सोबत आई किंवा नवरा-बायको आले तर पहिल्या बैठकीला आत, पुढच्यांना बाहेर. पस्तीस वर्षांच्या माणसाऐवजी त्याची आई उत्तरं देते, हे मोठेपणीच्या प्रत्येक ओपीडीत दिसतं.

पहिली बैठक कागदांची. 'तुमचं नेमकं कोणतं ऑपरेशन झालं?' या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर असतं, 'पोटावर पिशवी होती, मग काढली.' डिस्चार्ज कार्ड पुरात गेलेलं, घर बदलताना हरवलेलं. पण ही माहिती गरजेची आहे, आणि ऑपरेशनचं साल तर फारच बोलकं. पेन्यांची पद्धत रुळण्याआधीच्या कित्येक ऑपरेशनांत मलाशयाचा साठवणीचा भाग काढून टाकला जाई. अशा माणसाचं आतडं भराभर वाहतं. नंतरच्या ऑपरेशनांत मलाशय राखलेलं असतं, तिथे बद्धकोष्ठाचा कल जास्त. हर्शस्प्रुंगमध्ये स्वेन्सन यांनी १९४८ साली चेतापेशी नसलेला भाग काढून वरचं चांगलं आतडं खाली ओढून आणण्याची वाट दाखवली. नंतर दुहामेल, सोआवे यांच्या पद्धती आल्या, आणि १९९८ पासून पोट न उघडता खालूनच ऑपरेशन होऊ लागलं. कोणाचं काय झालं हे जुन्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून मिळवायचा अर्ज कसा लिहायचा, ते समाजसेवा अधीक्षक तिथेच बसून लिहून घेतात. कागद मिळालेच नाहीत, तर तपासणी आणि कॉन्ट्रास्ट एक्स-रेवरून बराच अंदाज येतो. ॲनोरेक्टल दोष असणाऱ्यांनी मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि रक्तातलं क्रिएटिनिन पाहून घ्यायचं, कारण या दोषासोबत एकच मूत्रपिंड असणं, कण्याच्या खालच्या टोकाशी दोष असणं हे वारंवार आढळतं. पुष्कळांना ते विशीनंतर पहिल्यांदाच कळतं.

दुसरी बैठक सगळ्यात महत्त्वाची, आणि ती घाईने उरकू नये.

शौचावर ताबा राहायला तीन गोष्टी लागतात. दार बंद ठेवणारे स्नायू, आत वायू आहे की पातळ की घट्ट हे ओळखणारी संवेदना, आणि साठवून ठेवून ठरावीक वेळी ढकलणारं मोठं आतडं. ॲनोरेक्टल दोषात पहिल्या दोन मूळचीच कमजोर असतात. हर्शस्प्रुंगमध्ये त्या बहुधा चांगल्या असतात, पण आतला स्नायू वेळेवर सैल पडत नाही, किंवा ऑपरेशनमध्ये संवेदनेच्या पट्ट्याला इजा झालेली असते. पहिल्या दोन फारशा बदलता येत नाहीत. जिथे थोडा स्नायू आहे तिथे फिजिओथेरपीचा उपयोग होतो, तेवढाच. तिसऱ्या गोष्टीवर मात्र पुष्कळ काम करता येतं. आतडं रिकामं असेल तर कमजोर दारही पुरतं.

आता इथे एक गल्लत होते, जिच्यापायी माणसांची वर्षं वाया जातात. कपडे खराब होण्याची कारणं दोन, आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. एका प्रकारात आतडं मंद असतं. आत घट्ट मळाचा गोळा साचतो आणि त्याच्या कडेने पातळ पाझरत राहतं. माणसाला वाटतं जुलाब होताहेत. तो मेडिकलमधून लोपरामाइड घेतो, गोळा आणखी घट्ट होतो, पाझर वाढतो. दुसऱ्या प्रकारात आतडं खरोखरच वेगात असतं. त्याला कुणीतरी 'पोट साफ होत नसेल' म्हणून रेचक चूर्ण देतं आणि दिवस संडासातच जातो. बाहेरून दोघांचं लक्षण एकच, डाग. फरक दाखवतो तो पोटाचा साधा एक्स-रे. वर्गात दोन्ही प्रकारचे एक्स-रे शेजारी शेजारी लावायचे आणि प्रत्येकाला आपला कुठला हे ओळखायला सांगायचं. शिवाय प्रत्येकाने दोन आठवड्यांची नोंदवही आणायची: काय खाल्लं, किती वाजता, किती वाजता शौच, डाग किती. समूहाचा खरा उपयोग इथे दिसतो. शेजारच्याची वही वाचताना माणसाला स्वतःच्या वहीतलं कळतं, आणि 'मलाही अगदी असंच होतं' हे वाक्य कुणीतरी आयुष्यात पहिल्यांदा म्हणतं.

तिसऱ्या टप्प्यात पाण्याचा आठवडा. ज्यांचा ताबा औषधांनी आणि आहाराने येण्यासारखा आहे त्यांना सोनामुखीच्या अर्काची गोळी डॉक्टर प्रमाण ठरवून देतात. बाकीच्यांसाठी रोज एकदा, एकाच वेळी, मोठं आतडं धुऊन रिकामं करायचं, म्हणजे पुढचे चोवीस तास निर्धास्त. आतडं धुवायचं पाणी साध्या सलाइनसारखं करतात, एक लिटर कोमट पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट दीड चमचा मीठ. प्रत्येकाला किती मिलिलिटर लागतं ते निराळं. मंद आतड्याला जास्त पाणी, कधी त्यात ग्लिसरीन. वेगवान आतड्याला थोडं पाणी, सोबत आहार आणि आतडं मंदावणारी गोळी. दार सैल असल्याने सोडलेलं पाणी लगेच बाहेर येतं, ही नेहमीची तक्रार. त्यावर फुगा असलेली सिलिकॉनची नळी वापरतात, आत फुगवलेला फुगा पाणी अडवून धरतो. रबरी लॅटेक्सची नळी शक्यतो नको, लहानपणी बरीच ऑपरेशनं झालेल्यांना लॅटेक्सची ॲलर्जी असू शकते. पाणी पाच-दहा मिनिटांत सोडायचं, थोडं थांबायचं, मग अर्धा-पाऊण तास बसायचं. पहिले काही दिवस कडी लावायची नाही, कारण एखाद्याला चक्कर येते. फॉस्फेटचे तयार एनिमा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी मुळीच घेऊ नयेत. टोचलं, रक्त दिसलं, पोट दुखून ताठ झालं तर थांबून सरळ रुग्णालय गाठायचं. हे सगळं सिस्टरच्या देखरेखीखाली शिकायचं असतं, वाचून घरी करून पाहायचं नसतं.

आठवडाभर रोज किंवा दिवसाआड एक्स-रे. फोटोत मळ दिसतो आणि डागही आहे, तर पाणी वाढवायचं. फोटो स्वच्छ पण डाग आहे, तर आतडं वेगवान आहे किंवा पाणी जास्त होतंय. फोटो स्वच्छ आणि कपडेही स्वच्छ, म्हणजे प्रमाण जमलं. गरोदर असण्याची शक्यता असेल तर एक्स-रे काढायचा नाही, नोंदवहीवर आणि तपासणीवर भागवायचं.

आणि मग येतो घराचा प्रश्न, ज्यावर परदेशी पुस्तकं गप्प आहेत. अर्धा-पाऊण तास संडास अडवून बसायचं कसं, जेव्हा एका खोलीत पाच माणसं राहतात, किंवा चाळीत चार बिऱ्हाडांना एकच संडास आहे? नळाला पाणी सकाळी येतं, त्याच वेळी सगळ्यांची घाई. याची उत्तरं सर्जनकडे नसतात, ती शेजारी बसलेल्या ताईकडे असतात. रात्री साडेनऊनंतर संडास मोकळा असतो, म्हणून पाणी रात्री. नळी आणि पिशवी झाकणाच्या डब्यात, कपाटात वर. भारतीय पद्धतीच्या संडासावर इतका वेळ बसवत नाही, तिथे मधोमध भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची. मोठ्या माणसाला आपल्या हातांनी मागून नळी घालणं जमत नसेल, तर आणखी एक वाट आहे. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनचे सर्जन पॅट्रिक मॅलोन यांनी १९९० साली अपेंडिक्सचं तोंड पोटाच्या त्वचेवर आणून तिथून पाणी सोडायची पद्धत मांडली. पोटावरच्या त्या बारीक छिद्रातून संडासावर बसल्या बसल्या स्वतः पाणी सोडता येतं. ज्यांना दुसऱ्या कुणाची मदत घ्यायची नाही, त्यांच्यासाठी हे ऑपरेशन विचारात घेण्यासारखं आहे. ते झालेलं कुणी वर्गात असेल, तर दहा पत्रकांपेक्षा त्याचं पाच मिनिटांचं बोलणं उपयोगी.

आहाराची बैठक सगळ्यात गप्पांची होते. वेगवान आतड्याला भात, केळं, ताक, उकडलेला बटाटा, साबुदाणा मानवतो. दूध, तळलेलं, खूप गोड, पालेभाज्या, आंबा यांनी ते सुटतं. उपासाची साबुदाणा खिचडी वेगवान आतड्याला बरी आणि मंद आतड्याला वाईट, हे ऐकून खोलीत चर्चा सुरू होते. मंद आतड्याला ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाजी, फळं आणि भरपूर पाणी. इसबगोल दोन्हीकडे वापरतात. पाणी धरून ठेवून ते पातळ मळाला बांधतं आणि कोरड्याला मऊ करतं, पण आत गोळा साचलेला असताना तो काढल्याशिवाय सुरू करायचं नाही. पोटात अन्न गेलं की अर्ध्या तासात मोठं आतडं जोर करतं, ही शरीराची रीत आहे. ती ओळखून नाश्ता किंवा जेवण घेऊन वीस मिनिटांनी संडासात बसायची सवय लावता येते. दिवसभर उपाशी राहून रात्री एकदम जेवणं हा उपाय उलटतो, पहाटेच्या डागाच्या रूपाने.

लोकलचं काय करायचं, यावर कळव्याच्या वर्गात वेगळा तास लागणारच. लोकलच्या डब्यात संडास नसतो, फास्ट गाडी कळव्याला थांबत नाही, आणि सीएसएमटीपर्यंत स्लो गाडीला तासाहून जास्त लागतो. गर्दीत मध्येच उतरता येईल याची खात्री नसते. रात्रीचं पाणी जमलेल्याला सकाळचा प्रवास बहुधा सुटसुटीत होतो. तोवर मार्गावरच्या कुठल्या स्थानकांवरचे संडास उघडे आणि बरे असतात याची यादी समूहाने मिळून करायची आणि दर काही महिन्यांनी तपासायची. छोटी पिशवी कायम जवळ: एक जोड, पॅड, ओला रुमाल, झिंक ऑक्साइडचं मलम, बंद होणारी प्लास्टिकची थैली. त्वचा घासायची नाही, पाण्याने धुऊन टिपायची, मग मलम.

एक बैठक बायकांची आणि पुरुषांची वेगवेगळी. ॲनोरेक्टल दोष असलेल्या मुलींत गर्भाशय-योनीच्या रचनेतही फरक असू शकतो, म्हणून पाळी सुरू झाल्यावर दर महिन्याला तीव्र दुखत असेल तर ते 'होतंच असं' म्हणून सोडायचं नाही. मूल होऊ शकतं का, हा प्रश्न प्रत्येकीच्या मनात असतो. अनेकींना होतं. गुदद्वाराची पुनर्रचना झालेल्या स्त्रीची प्रसूती बहुधा सिझेरियनने करतात, म्हणजे शिवलेल्या स्नायूंना इजा होत नाही. त्यासाठी प्रसूतीच्या डॉक्टरांना जुना कागद आधीच दाखवावा लागतो. पुरुषांच्या बैठकीत वारंवार होणारा लघवीचा आणि अंडकोशाचा जंतुसंसर्ग, वीर्यपतनातल्या अडचणी यांवर मोकळं बोलणं होतं. आनुवंशिकतेबद्दल थोडक्यात: हर्शस्प्रुंगमध्ये भावंडाला तो होण्याची शक्यता साधारण चार टक्के, आतड्याचा लांब भाग ग्रस्त असेल तर त्याहून बरीच जास्त. असं कुटुंब असेल तर जनुकांची तपासणी आणि सल्ला घ्यावा.

लग्नाचं स्थळ आलं की सांगायचं कधी, यावर समूह कधीच एकमताने बोलत नाही, आणि शिकवणाऱ्यानेही निकाल देऊ नये. माझं मत विचाराल तर साखरपुड्याआधी, मुलामुलीने एकमेकांशी, कागद हातात घेऊन. वडीलधाऱ्यांच्या बैठकीत नव्हे. सांगायचं कसं याचा सराव मात्र वर्गात करता येतो. एकजण सांगतो, दुसरा ऐकणारा होतो. तीन वाक्यं पुरतात: जन्मतः काय होतं, काय ऑपरेशन झालं, आता रोज काय करावं लागतं.

शेवटच्या बैठकीत प्रत्येकाचं एक पान तयार होतं, मराठीत आणि इंग्रजीत. दोषाचं नाव, ऑपरेशनं आणि सालं, मूत्रपिंडांची स्थिती, रोजच्या पाण्याचं प्रमाण, औषधं, लॅटेक्स चालतं की नाही. हर्शस्प्रुंगवाल्यांच्या पानावर लाल शाईत एक ओळ जास्त: ताप, फुगलेलं पोट आणि दुर्गंधीयुक्त जोराचे जुलाब एकदम आले तर तो आतड्याचा गंभीर दाह असू शकतो, थांबू नये, तडक रुग्णालयात दाखल करावं. हे पान सर्जन सही करून देतात. एक प्रत पाकिटात, एक घरी, एक फोनमध्ये. सहा महिन्यांनी सगळे पुन्हा येतात, पानावर बदल करतात, आणि ज्यांचं बस्तान बसलं आहे त्यांच्यातले दोघे पुढच्या तुकडीला सिस्टरसोबत शिकवायला उभे राहतात.